परत धाडलेला पाना

जालना, २१ सप्टेंबर १९५३

शरद,

आशीर्वाद आधी, रागावणं मागून.

नाना बरे आहेत. म्हणजे अर्धांगवायूनं गेलेला उजवा हात अजून धड उचलत नाही, पण परवा त्यांनी दाढी करायला आलेल्या न्हाव्याला त्याच्या तीन पिढ्यांसकट शिव्या दिल्या, आणि मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडले. आनंदानं रे बाबा. फेब्रुवारीपासून ज्या माणसाच्या तोंडून नुसतं 'अं अं' निघत होतं, त्यानं एवढं लांबलचक वाक्य बोलावं! डॉक्टर म्हणाले, आता जिवाला धोका नाही. सहा वर्षांपूर्वी जिनिंगवर सगळ्या कामगारांदेखत नाना तुला जे बोलायला नको ते बोलले, आणि तू किल्ल्या टेबलावर आपटून सोलापूर गाठलंस, हे मी विसरलेले नाही. तरी बाप बरा झाला हे लेकाला कळवावं, म्हणून कळवलं.

तुझं कार्ड पोचलं. 'जिनिंग विकून टाक' एवढ्याच तीन शब्दांवर तू ते संपवलंस. उरलेल्या जागेत 'नाना कसे आहेत' सहज बसलं असतं.

स्टेशनजवळचे शेठ पुन्हा येऊन गेले. त्यांची स्वतःची कापसाची जिनिंग आहेच, आता आपलीही हवी आहे. चहा प्यायले आणि म्हणाले, "अरुंधतीबाई, बाईमाणसानं कशाला त्या इंजिनाशी झगडावं?" मी म्हटलं, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दम धरा. तोवर आमचं इंजिन फिरलं तर विकणार नाही, नाही फिरलं तर तुम्हालाच देऊ. तुझ्यामाझ्यातही हेच ठरलं असं समज. नानांना यातलं काहीच ठाऊक नाही. खिडकीतून त्यांना आपलं धुराडं दिसतं आणि रोज सकाळी विचारतात, मिस्त्री आला का.

मिस्त्री आलेला नाही. सगळं घोडं तिथंच अडलंय. सिराजोद्दीन मिस्त्री दरवर्षी भादवा लागला की घनसावंगीहून यायचा, यंत्रं खोलायचा, पुसायचा, दसऱ्याला इंजिन चालू करायचा. यंदा त्याचा निरोपसुद्धा नाही. आपले कारभारी मुनीम सेलूला आणि परतूरला जाऊन आले. तिथले फिटर 'बघू' म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. सेलूचा एकजण तर हो म्हणाला होता, पण आपल्या जिनिंगचं नाव ऐकलं आणि त्याच्या सासूबाई आजारी पडल्या. यंत्रात कापूस घालणाऱ्या बायका जिच्या शब्दावर येतात ती सगुणाबाई म्हणते, "मिस्त्री न्हाई तं आमी बी न्हाई. पट्टा तुटून अंगावर आला मंग कोन धावंल? मुनीम?"

आपल्या जिनिंगचं नाव तसं कधीच गोड नव्हतं. बाजारात म्हणतात, तिथं पगार वेळेवर मिळतो, पण शिव्या त्याच्याही आधी. तरी माणसं येत होती, वर्षानुवर्षं तीच येत होती. यंदाच काय बिनसलं? मी तर कुणाला अरे-तुरेसुद्धा केलेलं नाही. उलट हंगाम संपला तेव्हा तू लिहिलंस तसंच वागले. 'ज्याचं त्याला देऊन टाक, कुणाचं काही आपल्याकडे अडकवून ठेवू नकोस.' सगळ्यांना गोड बोलून, तोंड गोड करून निरोप दिला. मला काही सुचेनासं झालंय. पाऊस उघडला की मीच घनसावंगीला जाते.

तुझी
अक्का


जालना, ७ ऑक्टोबर १९५३

शरद,

कळलं! काय झालं ते कळलं, आणि मी कालपासून मधूनच एकटी हसते आहे. कारभारींना वाटतंय, नानांपाठोपाठ माझ्याही डोक्यावर परिणाम झाला.

अंबडपर्यंत मोटारीनं गेले, पुढं बैलगाडीनं. सोबत कारभारी आणि त्यांची छत्री. मिस्त्री घरी नव्हता, कुणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला गेला होता. त्याची बायको अकबरबी दारात उभी. या म्हणाली, चटई टाकली, चहा दिला, पण माझ्याकडे बघेना. मी विचारलं, काय झालं, मिस्त्री आजारी आहेत का? तर ती एकदम उसळली.

"आजारी काहेको? तुमने निकाल दिये ना उनको! ऊपर से पेढे भी भेजे. निकालते वखत कोई पेढे भेजता क्या?"

मी चहाची बशी खाली ठेवली. मी? काढून टाकलं?

मग मिस्त्री आला, हात काळे, दाढी आता पुरती पांढरी. मला बघून सलाम केला, हातपाय धुतले, समोर उकिडवा बसला आणि हळूहळू बोलायला लागला. तो मोठा पाना तुला आठवत असेल, हातभर लांबीचा, त्यानं स्वतः घडवून घेतलेला. हंगाम संपला की तो पाना मिस्त्री आपल्या जिनिंगवर, तिथल्या गणपतीच्या कोनाड्यात ठेवून जायचा. माणूस गावी जातो, हत्यार इथंच राहतं. म्हणजे तो आपला आणि आपण त्याचे. खंडेनवमीला नाना त्या पान्याला हळदकुंकू वाहायचे, आणि दसऱ्याला मिस्त्री तोच उचलून इंजिन चालू करायचा. मालकानं पाना परत धाडला, तर त्याचा अर्थ एकच, पुन्हा येऊ नकोस.

आणि मी काय केलं? हंगाम संपल्यावर जिनिंगवर गेले, कोनाड्यात मिस्त्रीचा पाना दिसला, मनात म्हटलं, बिचारा विसरला. रॉकेलनं चकचकीत पुसून घेतला, कोऱ्या कापडात गुंडाळला, वर अकबरबीला लुगडं, पेढ्यांचा पुडा, आणि कारभारींच्या हाती पाठवून दिला. ज्याचं त्याला! तुझा सल्ला, माझा हात. अर्धं खापर तुझ्या डोक्यावर फुटू दे.

"बाई," मिस्त्री म्हणाला, "इतक्या सालात नानासाहेबांनी मला काय न्हाई म्हटलं? माझ्या बापाला सोडलं न्हाई, आज्याला सोडलं न्हाई. पन पाना कदी वापस न्हाई धाडला. तुम्ही तं कदी आवाज चढवून बोलल्या न्हाई, आन् पाना धाडला. मंग मी समजलो, नव्या मालकिणीला नवा मानूस पायजे."

मी कारभारींकडे वळले. तुम्हाला ही रीत ठाऊक होती? ते छत्रीची मूठ चोळत बसले. "ठाऊक तं होती, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"आपल्या जिनिंगवर मालकाला विचारायची रीत कुठं हाय?"

शरद, मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. खरं बोलल्याबद्दल त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी मिस्त्रीपुढं हात जोडले, म्हटलं, मला हे काही ठाऊक नव्हतं हो, तुमच्याशिवाय आमचं इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. अकबरबी आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग 'या अल्ला' म्हणून पदरात तोंड लपवून हसायला लागली. तिच्यामागून मीही. मिस्त्री मात्र हसला नाही.

"मी येईन बाई. माझा गुस्सा उतरला. पन बाकीच्यायला काय सांगसाल? सेलूपस्तोर बात गेली, की जुन्या मिस्त्रीला त्या घरानं हाकलून देलं. मी काय दारोदार सांगत फिरू, की गलतफहमी झाल्ती? लोक म्हनतील, बुढ्ढ्याला पैसे चारले. नाव ज्याचं गेलं, त्यानंच ते वापस आनाया पायजे."

पाना त्यानं दिला नाही. मीही मागितला नाही. तरी परतताना मला इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू! महिनाभर मी स्वतःला खात होते, कुणाला काय टोचून बोलले, कुणाचा शाप लागला. शेवटी निघाला तो निव्वळ अडाणीपणा, आणि अडाणीपणावर इलाज असतो. इलाज कोणता, तेवढं अजून सापडायचं आहे. दसरा तोंडावर आला.

तुझी
अक्का


जालना, दसऱ्याचा दुसरा दिवस

शरद,

हे पत्र बसून वाच.

दसऱ्याला कामगार मालकाच्या घरी सोनं द्यायला येतात. मालक ओट्यावर लोडाला टेकून बसतो, लोक वाकून हातावर आपट्याची पानं ठेवतात. आपल्याकडे हेच चालत आलंय. यंदा कोण येणार आणि कुणासाठी येणार? म्हणून मी ठरवलं, यंदा आपण जायचं. पण मी जाऊन काय उपयोग? लोक म्हणतील, बाई अडली म्हणून आली. जायला हवे होते नाना.

नवमीला सकाळी त्यांच्यापुढं बसले आणि सगळं सांगून टाकलं. पाना, सेलू, शेठ, पाडवा, तुझं कार्ड. पान्याचं ऐकून ते तोंडाच्या अर्ध्या बाजूनं हसले. "येडी. बापानं घामानं जोडलेली माणसं पोरीनं पेढे देऊन घालवली." शेठचं ऐकून हसणं थांबलं. मी म्हटलं, नाना, उद्या आपणच सगुणाबाईकडे जाऊ या.

"मी? तिच्या दारात?" आणि मग जी सुरुवात झाली, ती मी तुला लिहीत नाही. पोस्टमननं पत्र उघडलं तर मला तुरुंगात टाकतील.

काल सकाळी उठून बघते तर नाना धोतर नेसवून घ्यायला बसलेले. कुणाकडे न बघता म्हणाले, "दमणीला बैल जोडायला सांग."

मस्तगडाच्या उतारावर सगुणाबाईची गल्ली आहे. दमणी आत जाईना. चौघांनी खुर्ची उचलली, खुर्चीत नाना, हातात आपट्याची डहाळी, आणि तोंडानं खुर्ची धरणाऱ्यांचा उद्धार. सगळी गल्ली दारात आली. सगुणाबाई धुणं टाकून धावत आली. तिला वाटलं, नाना गेले आणि आम्ही सांगायला आलो! नानांना जिवंत बघून आधी तिनं देवाला हात जोडले, मग पदर डोक्यावर घेतला.

नानांनी पानं तोडली, ती डाव्या हातानं. देताना मात्र थांबले. डाव्या हातानं सोनं कसं द्यायचं? पानं उजव्या हातात घेतली आणि तो हात उचलायला लागले. शरद, तो हात गुडघ्यावरून हलेना. कपाळावर घाम आला. मी पुढं होणार, तेवढ्यात सगुणाबाईनं खाली बसून त्यांच्या मनगटाला हात घातला, तो हात उचलला आणि आपल्या ओंजळीवर ठेवला.

"पोचलं, नानासाहेब."

नाना म्हणाले, "मिस्त्रीला आम्ही काढलेलं न्हाई. पोरीला रीत ठाऊक नव्हती. तुम्ही या."

एवढंच बोलले. पण असं मोठ्यानं बोलले, की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. त्या आवाजाची सवय त्यांना आयुष्यभर होती. काल ती पहिल्यांदा चांगल्या कामाला लागली.

सगुणाबाईनं मान हलवली, पण उठली नाही. "एक मागणं हाय. पैशाचं न्हाई. आमच्या तान्ह्या लेकरायच्या झोळ्या यंत्रापाशीच बांदून राह्यलो आमी. दिवसभर कापसाचा तूस त्यायच्या नाकातोंडात जातो. गेल्या साली पुष्पाचं पोरगं खोकून खोकून मरता मरता वाचलं. एक खोली द्या, दाराची."

जिनिंगवर तशी खोली एकच आहे. तुझी. तू गेल्यापासून तिला कुलूप आहे, आणि किल्ली नानांच्या जानव्याला. मी चार वर्षांपूर्वी सासर सोडून इथं राहायला आले, तेव्हापासून एकदाही ती किल्ली सुटलेली पाहिली नाही. नानांनी डाव्या हातानं सदऱ्यात चाचपलं, किल्ली निघेना, तर मला म्हणाले, "सोड गं ही."

त्यानंतर आम्ही सतरा दारं फिरलो असू. प्रत्येक दारात खुर्ची, शिव्या, सोनं. एका घरात नानांनी चहा घेतला, दुसऱ्या घरात धपाटा खाल्ला, डॉक्टरांना कळवू नकोस. दिवेलागणीला घरी आलो तर ओट्यावर मिस्त्री बसलेला, शेजारी पाना, उघडाच. ओट्यावरून उतरून आधी त्यानं नानांच्या खुर्चीला हात लावला.

"अंबडच्या मोटारीतून उतरलो, तवाच स्टँडवर ऐकलं. नानासाहेब खुर्चीत बसून निघाले म्हने. चालत तं कुनीबी गेला असता. ज्याला चार मानसायनी उचलावं लागतं तो आला म्हनल्यावर काय राह्यलं, बाई?"

नाना त्याला काय म्हणाले ते विचारू नकोस. पण म्हणताना रडत होते, आणि मिस्त्रीही मान डोलावत 'बराबर, बराबर' म्हणत रडत होता.

तुझी खोली आज धुऊन घेतली. तुझ्या टेबलाला झोळी छान बांधता येते.

अक्का


जालना, ८ नोव्हेंबर १९५३

शरद,

घाईत चार ओळी. काल पाडवा झाला. इंजिन दसऱ्यानंतर आठवड्यातच फिरलं, पण मी मुद्दाम तुला आज लिहिते आहे, कारण काल शेठ आले. फाटकातून आत पाऊल टाकलं, कापसाच्या गाड्यांची रांग बघितली, यंत्रांचा आवाज ऐकला आणि म्हणाले, सहज आलो होतो, पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला. मी त्यांना चिवडा दिला.

काल घरी येऊन मी जेवल्यावर भिंतीला टेकले आणि तशीच झोपले, उष्टी खरकटी तशीच. कित्येक महिन्यांनी अशी झोप लागली. विकायचा विषय संपला. तुझी हरकत असेल तर कळव, पण हरकत ऐकणार नाही.

अक्का


जालना, १६ फेब्रुवारी १९५४

शरद,

तुझं पत्र काल आलं. त्याचं उत्तर शेवटी. आधी माझं ऐक, कारण त्याशिवाय उत्तर कळायचं नाही.

संक्रांतीनंतर शेठनं आपली माणसं फोडायला सुरुवात केली. वाढीव पगार, वर दिवाळीला कापड. आपल्याकडून एकच गेला, यंत्रांना तेल घालणारा भुजंग. मला येऊन सांगताना मान वर करीना. घरात बहिणीचं लग्न. मी म्हटलं, जा बाबा, लग्नाला बोलाव, आणि पुढच्या हंगामात यावंसं वाटलं तर ये. कारभारी म्हणाले, असं सोडलं तर सगळेच जातील. कुणी गेलं नाही. सगुणाबाईकडे शेठचा माणूस गेला, तर तिनं विचारलं, "तुमच्याकडं लेकरायला खोली हाय का?" तो म्हणाला, बघू. ती म्हणाली, "मंग आमीबी बघू." आता शेठच्याच जिनिंगवरच्या बाया खोलीसाठी अडून बसल्यात असं ऐकते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नानांना मी रोज दुपारी जिनिंगवर नेते. शिव्या सुटलेल्या नाहीत. पण एक नवं झालंय. परवा त्यांनी एकाला काहीतरी म्हटलं, तर तो तिथंच म्हणाला, "नानासाहेब, गलती माझी न्हाई, वजनवाल्याची हाय." सगळे थबकले. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वजनवाल्याकडे तोंड वळवलं. मी कारभारींना कोपरानं ढोसलं. विचारायची रीत आली बरं का, म्हटलं.

आणि गेल्या आठवड्यात तो सेलूचा फिटर आला. सासूबाई आजारी पडल्या होत्या तोच. फाटकाशी उभा राहून म्हणाला, ऐकून आलोय, काम असेल तर बघा. सप्टेंबरात ज्याच्यासाठी मी नवस बोलले असते तो माणूस समोर, आणि मला म्हणावं लागलं, फिटरची जागा नाही. म्हणताना मला लाज वाटली आणि आत कुठंतरी गुदगुल्याही झाल्या. त्याला जेवून जायला सांगितलं.

आता तुझं पत्र. सोलापूरच्या मिलनं कितीतरी लोकांना कमी केलं, त्यात तुझं नाव. डिसेंबरपासून घरी बसून आहेस आणि मला आत्ता कळवतोस. त्यावर चार ओळी मिलच्या, दोन ओळी हवेच्या, आणि तळाला बारीक अक्षरात, 'जिनिंगवर एखादी जागा असेल का?' बाकी काही नाही. मला विचारतोस की नानांना, तेही नाही.

मी ते पत्र नानांना वाचून दाखवलं. नको होतं का दाखवायला? दाखवलं. त्यांनी खिडकीतून धुराड्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सुरू होणार. तर हळूच विचारलं, "काम मागून राह्यला का घर मागून राह्यला?"

मी म्हटलं, काम.

"मंग मिस्त्रीला विचार. कामाचं तो बघतो." वर म्हणाले, "घर मागायला लागत न्हाई म्हणावं."

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "छोटे मालक म्हनून न्हाई ठेवनार. भुजंगची जागा हाय, तेल घालायची. नीट शिकला तं पुढचं पुढं. आन् ओरडायचं काम आता माझ्याकडं हाय, सांगा त्याला."

तेव्हा ही झाली जागा. पगार भुजंगचाच, कमी-जास्त नाही. सेलूच्या माणसाला नाही म्हटल्यावर तुला कशी दिली, असं तिथं कुणीतरी विचारेल, आणि त्याला उत्तर द्यावं लागेल. उत्तर माझ्याकडे आहे. आपल्या जिनिंगवरून मिस्त्री गेला, सगुणाबाई अडून बसली, फिटरांनी तोंडं फिरवली, पण ते सगळं मागाहून. त्या फाटकातून नानांच्या शिव्यांपायी सगळ्यात पहिला निघून गेला तो तू. सगळे परत आले. एकटा तूच राहिलास, आणि तू आलास की मग मी निर्धास्त.

काल संध्याकाळी नानांनी विचारलं, सोलापूरची गाडी कधी येते. मी सांगितलं, सोलापूरहून सरळ गाडी नाही, मध्ये बदलावी लागते, आणि तो कधी निघणार ते त्यानं अजून कळवलेलं नाही.

ते म्हणाले, "मंग रोजच जाऊ."

आज सकाळी स्टेशनवर जाऊन आलो. उद्याही जायचं म्हणतात. खुर्ची उचलणाऱ्यांनाही सांगून ठेवलंय. तेव्हा बाबा, तारीख कळव. दमणीचे बैल म्हातारे झालेत.

तुझी
अक्का